गळक्या गाडीसाठी पंप

त्या आठवड्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन ऑइल पंप पडले होते आणि आई ताटं मांडायला जागा शोधत होती. तिन्ही एकाच गाडीचे म्हणून घरात आले होते आणि एकही दुसऱ्यासारखा दिसत नव्हता. मी शाळेत भूगोल शिकवते. गाडीतलं मला एवढंच कळतं की पेट्रोल संपलं की ती थांबते.

गाडी बाबांची. पूर्वी काळ्या-पिवळ्या टॅक्सी असायच्या ना, त्याच जातीची, फक्त पांढरी. माझ्या जन्माआधी घेतलेली, आणि इतक्या वर्षांत बाबांनी दुसऱ्या कुणाला तिच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. मी स्वतःची गाडी घेऊन शहरभर फिरते, पण या गाडीत माझी जागा मागची. गेल्या काही महिन्यांपासून ती तेल गाळायला लागली. सोसायटीच्या नव्या फरशीवर काळे डाग पडले, सेक्रेटरी दोनदा घरी येऊन गेले. वर चालू गाडीत ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. शेवटी आईनेच निकाल लावला. दिंडोरीकडे द्राक्षबागेत हॉटेल चालवणारे एक गृहस्थ गाडी मागत होते. इंजिन काढून ती फाटकाशी उभी करायची, पाहुण्यांना फोटो काढायला.

"रविवारी ते येताहेत," आई म्हणाली. "तोवर गळती थांबली तर ठेवा. नाहीतर देऊन टाका."

बाबा पानावरून तसेच उठले. मला ते बघवेना. मी म्हटलं, मी बघते. काय बघणार होते, देव जाणे.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं, पंप गेलाय. मी ऑनलाइन नवा मागवला. तो आला चकचकीत, पण त्याचा दांडा आखूड आहे असं व्हिडिओतल्या माणसाचं म्हणणं. दुसऱ्या व्हिडिओत आखूडच बरोबर. मग चांदवडच्या एका शेतकऱ्याचा नंबर मिळाला. त्याची अशीच गाडी कांद्याच्या चाळीमागे पडून होती. "पंप एकदम कडक हाय ताई," तो फोनवर म्हणाला. "गाडी सडली, पण इंजिनाला काय नाय झालेलं. वरिजनल हाय, आता असला माल भेटत नाय." तोही आला, एसटीने, गोणपाटात गुंडाळून. तिसरा जुन्या पार्टच्या दुकानातला. तो दुकानदाराने इतक्या खात्रीने हातात दिला की नाही म्हणायचा धीर झाला नाही. नवा घ्यावा तर नकली, जुना घ्यावा तर किती झिजलेला कोण सांगणार? मी तीनही पंप आळीपाळीने हातात घेऊन वजन करून बघितले. त्यातून काही कळत नाही, हे मला वजन करतानाही माहीत होतं.

शेवटी शुक्रवारी सुट्टी टाकून मी पंचवटीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना घरी घेऊन आले. बाबांच्या गाडीला एके काळी तेच हात लावायचे. मी पिशवीत भरून खाली नेलेले पंप बघून ते हसले.

"ताई, पंप तर आत असतो, इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये. तो गेला तर दिवा लागेल. पण बाहेर तेल कशाला सांडेल?"

म्हणजे आठवडाभर मी चुकीच्याच वस्तूची निवड करत होते. मग दिवा का लागतो, हे विचारायच्या आत त्यांनी गाडीखाली पत्र्याचा डबा सरकवून तेल काढायचा बोल्ट सोडला. डबा भरला. त्यांनी दुसरा लावला. तोही भरत आला तसे ते उठून बसले. "इतकं तेल? कोण टाकतं?"

"मी," मी म्हणाले. दर रविवारी, डाग दिसला की थोडं. बाबांना कळू नये म्हणून सकाळी लवकर.

आईने पदराने तोंड पुसलं. "मी पण," ती म्हणाली. "हे दुपारी झोपले की."

बाबा स्टुलावर बसले होते. ते तर रोजच टाकत होते, त्यांनीच सांगितलं. आम्ही तिघंही एकमेकांना न सांगता एकाच गाडीची काळजी घेत होतो. मिस्त्रींनी समजावलं, तेल जास्त झालं की आत फेस होतो, फेसाला प्रेशर येत नाही, म्हणून दिवा. आणि जास्तीचं तेल वाट मिळेल तिथून बाहेर. बाहेर डाग दिसला की आम्ही आणखी ओतणार. मला हसू यायला लागलं, आईलाही.

"पण साहेब, तुम्ही तर पट्टी बघितल्याशिवाय थेंब टाकायचे नाहीत," मिस्त्री म्हणाले.

"बघतो की," बाबा म्हणाले. ते उठले, तेल मोजायची पट्टी सवयीने ओढून काढली, फडक्याने पुसली, परत आत घालून बाहेर काढली आणि उजेडात धरली. "बरोबर आहे. दोन खुणांच्या मधोमध."

इंजिनातलं तेल तर तेव्हा खाली डब्यांत होतं. पट्टी कोरडी होती. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली. आठ दिवसांपूर्वीच बाबा आईला याच गाडीतून भाजी आणायला घेऊन गेले होते, हे मला आठवलं. मला त्यांचा राग आला, भीती वाटली, आणि आधी कशाबद्दल बोलावं तेच समजेना.

मिस्त्रींनी मापात तेल भरलं. रविवारी फरशी कोरडी होती. दिंडोरीचे गृहस्थ आले तेव्हा आई वाकून गाडीखाली बघून आली आणि तिनेच त्यांना सांगितलं, राहू द्या, आम्हाला द्यायची नाही. मी जिंकले होते. पण कुणासाठी, ते मला कळत नव्हतं.

ते गेल्यावर बाबा गाडीकडे गेले आणि डावीकडचं दार उघडून बसले. मला वाटलं, बाजू चुकली.

"बाबा, इकडून."

त्यांनी खिडकीतून चावी माझ्यापुढे धरली. "दिवाळीपासून नीट दिसत नाही गं," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर गाडी गेली असती. बस. क्लच जड आहे, पूर्ण दाब."

मी उजवीकडे बसले. सीट त्यांच्या उंचीला लावलेली, माझा पाय क्लचपर्यंत पोचेना. बाबांनी वाकून चाचपडत सीटखालचा खटका शोधला आणि ती पुढे ओढली. जुन्या गाडीची सीट ती, एकसलग बाकडं. तेही माझ्याबरोबर पुढे सरकले.