कुरडयांवरचं ऊन

सकाळी गच्चीवर कुरडया घातल्या आणि अकराच्या सुमाराला आभाळ भरून आलं. शेजारच्या मालतीकाकू कमरेवर हात ठेवून ढगांना शिव्या घालत होत्या. ऊन मिळालं नाही तर ओल्या कुरडया आंबणार. गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून केलेली सगळी मेहनत पाण्यात!

तेवढ्यात ढग फाटला. "आलं गं बाई!" काकू ओरडल्या आणि दोन्ही तळवे उन्हात धरून हसल्या.

मी त्या तळव्यांकडे बघत राहिले. हे ऊन फुकटचं नाही. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होताना थोडं वस्तुमान नाहीसं होतं आणि त्याचीच ऊर्जा होते. सूर्य क्षणाक्षणाला लाखो टनांनी हलका होतो, तेव्हा कुठे आमच्या कुरडया वाळतात. आणि वस्तुमानाचा असा उजेड कृष्णविवराच्या भोवतीही होतो! त्याला आपण उगाच नुसतं खादाड म्हणतो. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू भोवती गरगरतो, घासून तापतो आणि आत पडण्याआधी असा उजळतो, की तेवढ्याच वस्तुमानातून सूर्यालाही इतका उजेड काढता येत नाही. गिळणाऱ्याच्या उंबऱ्यावरूनसुद्धा वस्तुमान प्रकाश होऊन निसटतं!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी एक कुरडई उचलली आणि माझ्या कानाशी धरून मोडली.

"ऐक," त्या म्हणाल्या, "कसं ऊन खाल्लंय हिनं!"

कालपर्यंत जे सूर्याचं वजन होतं, ते आमच्या गच्चीवर असं खणखणीत वाजलं.