कनीजने निवडलेलं पोस्ट

खेडशी गाव मागे पडलं तसं कनीजने अंगठा तुटलेली चप्पल हातात घेतली आणि अनवाणीच चालू लागली. दुसऱ्या हातातली पिशवी मात्र तिने सोबतच्या कमळाला धरू दिली नाही. पिशवीत एक मोडेम, जुन्या कॉम्प्युटरला लागणारी मेमरी आणि काही सीड्या होत्या. तिच्या चुलतभावाने, युसुफने, मुंबईहून लक्झरी बसच्या ड्रायव्हरकडे दिलेलं हे सामान घ्यायला दोघी हातखंब्याला गेल्या होत्या. परतताना रस्त्यात टँकर आडवा पडला, एसटी अडकली. कनीज म्हणाली, चला ताई, पायांना काय डिझेल लागत नाही.

दोघी मिरजोळ्याला आप्पांच्या आमरसाच्या कारखान्यात कामाला होत्या. कमळा चाळिशीपुढची, माल धाडण्याचे कागद तिच्याकडे. कनीज राजिवड्याची, खलाशाची पोर, कॉम्प्युटर तिच्याकडे. कारखान्याचे डबे आखातात जायचे, पण अख्ख्या ऑफिसला ईमेलचा पत्ता एकच. एकाने उघडलेली मेल दुसऱ्याला कळायची नाही. मागच्या मोसमात लेबल बदलायला सांगणारी मेल अशीच कुणीतरी वाचून सोडून दिली, आणि दुबईच्या गिऱ्हाइकाने माल परत पाठवला.

म्हणून ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर हवा होता. पुण्याच्या एका माणसाने त्याचं सॉफ्टवेअर दाखवलं होतं. चांगलं होतं, पण त्यात जितकी माणसं तितके परवाने, आणि दरवर्षी पुन्हा पैसे. आप्पांनी त्या वर्षी एकच रक्कम बाजूला काढली होती. त्यात एकतर हे सॉफ्टवेअर यायचं, नाहीतर रस शिजवायच्या शेडला हवा खेचणारे पंखे. त्या शेडमध्ये वाफेने बायका भोवळ येऊन पडायच्या. कमळाने तिथे सात मोसम काढले होते. तिथली तऱ्हा तिला कुणी वेगळी सांगायला नको होती.

कनीजने आप्पांना सांगितलं होतं की लिनक्सवर चालणारा सर्व्हर फुकट मिळतो, आणि कोपऱ्यात पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरवरही तो चालेल. आप्पा म्हणाले, "फुकटची गाय गो, दात कोण मोजणार? पाडव्यापर्यंत चालवून दाखव. नाहीतर पुणेवाल्याला बोलावतो."

वाटेत दुपार कलली, असरच्या नमाजाची वेळ झाली. एका घराच्या पडवीत पाणी मागून कनीजने हातपाय धुऊन वजू केलं आणि फणसाखाली नमाज पढली. कमळा पिशवी मांडीवर घेऊन दगडी गडग्यावर बसली. तिनेही मनातल्या मनात गणपतीचं नाव घेतलं. दोघींचं मागणं बहुतेक एकच असावं.

"ताई, हे आपलं घरचं पोस्ट," पुन्हा चालताना कनीज म्हणाली. "दिवसभर सगळ्यांची पत्रं गोळा करायची. रात्री फोनचा दर कमी झाला की मशीनने आपणहून फोन लावायचा, आपली द्यायची, आलेली घ्यायची, ज्याची त्याच्या खणात टाकायची."

चार दिवस खपून तिने ते उभं केलं. दिवसा सगळं सुरळीत. सकाळी बघावं तर एक पत्र गेलेलं नाही, एक आलेलं नाही. दुसऱ्या सकाळी तेच, तिसऱ्याही. पाडवा जवळ आला. ऑफिसातले लोक टोमणे मारू लागले, पोस्टमनला शोधायला माणूस पाठवूया का म्हणून. कनीजने मोडेम बदलून पाहिला, तारा बदलल्या. शेवटी ती म्हणाली, आज मी घरी जात नाही, इथेच बसते. कमळाही थांबली.

तिन्हीसांजेला राखणदार आत्माराम आला. देवाच्या फोटोपुढे दिवा लावला, हात जोडले आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. पूर्वी एकदा तारेने पेट घेऊन बारदान जळालं होतं. तेव्हापासून दिवा लागला की वीज बंद, हा आप्पांचाच दंडक. दाराला कडी लावतात तितकं ते अंगवळणी पडलेलं, म्हणून कुणी बोललंच नव्हतं. सकाळी लोक यायच्या आत आत्माराम स्विच वर करायचा आणि मशीन आपोआप सुरू व्हायचं, त्यामुळे ते रात्रभर बंद असतं हे कनीजलाही कळलं नव्हतं.

आत्माराम अंधारात दोघींना बघून दचकला. कनीज हसत सुटली.

सकाळी तिने आप्पांकडे त्या एका मशीनपुरती, मेन स्विच ओढला तरी चालू राहील अशी वेगळी तार मागितली. आप्पांनी वायरमनला बोलावून जाड तार आणि फ्यूज घालून घेतला. दुसऱ्या दिवशी उघडून बघतात तो प्रत्येकाच्या नावाने पत्रं येऊन पडलेली.

तरी आप्पांनी पंख्यांच्या कागदावर सही केली नाही. म्हणाले, "चालतंय, कबूल. पण उद्या तू लग्न होऊन गेलीस तर? पुणेवाल्याला निदान फोन तरी करता येतो. तुझ्याशिवाय हे दुसऱ्या कुणाला येतं, ते दाखव. मग सही."

कनीज तशीच बाहेर आली. पॅकिंगच्या टेबलाशी कमळा खोके मोजत होती. शेडमधून वाफ येत होती. कनीजने कमळाच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"कमळाताई, ते दुसरं माणूस तुम्ही व्हा."

कमळा म्हणाली की तिची शाळा मराठी, पडद्यावरची अक्षरं इंग्रजी, आणि तिच्या वयाच्या बाईला हे शोभतं का.

"अक्षरं मी शिकवते," कनीज म्हणाली. "तुम्ही फक्त उद्यापासून तासभर लवकर या."