मी कापलेलं टिपण

मढच्या धक्क्याजवळ, बांबूंवर बोंबील वाळत घातले होते तिथे, माझ्या मित्राच्या मोठ्या भावाने मला मारलं. पहिला फटका कानावर बसला. मी खाली बसलो, तर त्याने कॉलर धरून उभं केलं आणि तोंडावर बुक्का मारला. समोरचा दात तुटून जिभेवर आला. त्याआधी आयुष्यात मला कुणी हात लावला नव्हता. शाळेतही मी पुस्तकात डोकं घालून बसणारा. मी हात वर केले नाहीत. जे सांगायला गेलो होतो, त्यातलं अर्धंच सांगून झालं होतं.

मित्र आणि मी अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत होतो. नव्या इमारतींमध्ये खड्ड्यात बसवलेली, एकावर एक गाड्या ठेवणारी लोखंडी यंत्रं असतात, त्यांचे प्रोग्राम तिथे तयार होत. ते तो लिहायचा. मी मराठीत एम. ए. झालेला, माहितीपुस्तिका लिहायला ठेवलेला माणूस. प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला माणसांसाठी एक टिपण असतं: हा तुकडा काय करतो, वापरताना काय सांभाळायचं. यंत्र ते वाचत नाही. ही टिपणं नीटनेटकी करायचं काम माझ्याकडे आलं, आणि कोडला हात लावायची मला भीती वाटायची. म्हणून मित्राने माझ्यासाठी एक साधन बनवलं. त्यात फक्त टिपणं दिसत, कोड झाकलेला. मी बदललेले शब्द आपोआप मूळ जागी जाऊन बसत.

"घे मास्तर," तो म्हणाला. "आता कितीही धुडगूस घाल, कोडला ओरखडा येणार नाही."

"आणि टिपणांचीच वाट लागली तर?"

"जुनं सगळं मागे ठेवलंय. तुझा काय भरवसा?"

टिपणं एका ओळीत बसवा, असं साहेबांचं म्हणणं होतं. पण त्यांनी सांगितलं नसतं तरी मी ती कापलीच असती. मित्र लिहायला बसला की बोलतच सुटायचा. त्याचं एक टिपण असं होतं: "प्लॅटफॉर्म खाली आणतो. चालवण्याआधी उठून खड्ड्यात बघ. कुणाला विचारू नको, स्वतः बघ. बसलेला माणूस सेन्सरला दिसत नाही. परत एकदा बघ."

मी ते वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं. एकच गोष्ट तीनतीनदा सांगितली आहे, म्हणून पहिली ओळ ठेवली आणि बाकी काढून टाकलं. काढल्यावर मला बरं वाटलं, हेही खरं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मुलुंडच्या एका इमारतीत आम्ही तिघं यंत्राच्या चाचणीला गेलो. तिसरी आमच्याकडे नुकतीच आलेली एक इंजिनिअर. ती वॉचमनच्या केबिनमध्ये लॅपटॉप घेऊन बसली. तिथून खड्डा दिसत नव्हता. पुस्तिकेसाठी फोटो काढायला आलेला मी तिच्या मागे उभा होतो. मित्र "चहा सांगून येतो" म्हणून गेला. जाताना त्याला सेन्सरवर चिखल दिसला असावा. तो पुसायला तो खड्ड्यात उतरला आणि उकिडवा बसला.

कुठलाही तुकडा चालवण्याआधी टिपण वाचायची तिची सवय होती. तिने माझ्यादेखत वाचलं, "प्लॅटफॉर्म खाली आणतो." आणि चालवलं.

किंकाळी अर्धीच आली. वॉचमनने मेन स्विच ओढला तोवर लोखंड मित्राच्या छातीवर टेकून आत गेलं होतं. आम्ही पहारीने ते वर रेटत होतो. ती नुसत्या हातांनी रेटत होती. तिची दोन नखं उपटून आली. त्याच्या तोंडातून येणारं रक्त खालच्या काळ्या तेलात पसरत होतं. त्याचा उजवा हात बाहेर होता आणि बोटं हलत होती. मी ती धरली. मग ती हलायची थांबली.

हॉस्पिटलच्या आवारात भावाने तिचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं. "न बघता चालवलंस?" तिचं कपाळ फुटलं. ती एवढंच म्हणाली, "हो, मीच चालवलं." साहेबांनीही पोलिसांना तेच सांगितलं. दहाव्याला भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "तिला सोडणार नाही." दुसऱ्या दिवशी घाटकोपरला तिच्या खिडकीवर दगड आले.

तेव्हा कुठे मी साधनात मागे ठेवलेलं जुनं टिपण काढलं, नव्याशेजारी छापलं आणि वर्सोव्याहून बोटीने मढला गेलो.

"ती बघायला गेली नाही," मी भावाला म्हणालो होतो, "कारण बघ म्हणून लिहिलेलं मी काढलं." तेवढ्यावरच त्याने मारायला सुरुवात केली. दात पडल्यावर मी कागद पुढे केला. तो बोट फिरवत मोठ्याने वाचू लागला. "परत एकदा बघ" ला थांबला.

"बोलायचाही असाच," तो म्हणाला. "मी होडी काढली की तीनदा. दोर बघ, दोर बघ, दादा दोर बघ." मग माझ्याकडे वळला. "हे तू वाचलं होतंस?"

"हो."

"मग काढलंस का रे?"

"जास्त वाटलं."

त्याने लाथ घातली. बरगडीत काहीतरी मोडल्याचं मला ऐकू आलं. मी वाळूत पडलो आणि तो बाजूला बसून हुंदके देऊ लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तिला ठाऊक आहे हे?"

"नाही."

"अरे भडव्या, मग माझ्याकडे कशाला आलास आधी? ऊठ." त्याने मानगूट धरून मला बोटीपर्यंत नेलं. बोट सुटताना म्हणाला, "मी आलो असतो. पण मला बघून ती दार नाही उघडायची."

दुपारी मी घाटकोपरला पोचलो. खिडकीच्या जागी पुठ्ठा लावला होता. तिने साखळी न काढता दार किलकिलं केलं. कपाळावर टाके, बोटांना पट्ट्या. मी कागद फटीतून आत दिला. तिने उभ्यानेच वाचला.

"हे असतं तर मी उठून गेले असते," ती म्हणाली. "मी वाचते. सगळं वाचते मी."

"हो."

"पोलिसांना सांगणार?"

"इथून तिकडेच चाललोय."

तिने साखळी काढली, पायात चपला सरकवल्या. कागद तिने मला परत दिला नाही. "मीही येते," ती म्हणाली. "तुम्ही तिथे जाऊन काय काय कापाल, सांगता येत नाही."