गळ्याकडे बघणारे साडू

सिनेमातल्या माणसांच्या पोटाची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या पत्नीची थोरली बहीण घोडेगावला दिलेली; हे तिचे यजमान. शेती, चार म्हशी, आणि जनावरांच्या बाजारात घडलेला आवाज. मी शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेला, हळू बोलणारा. महिन्यातून एकदा ते कामासाठी नगरला येत आणि काम उरकलं की आम्हा दोघांना सिनेमाला नेत. कोणता सिनेमा, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. तिकिटाच्या खिडकीवर एवढंच विचारत, "जेवान हाय का यात?"

पडद्यावर ताट आलं की साडू पुढे सरकून बसत. नटांच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्षच नसे. ते गळ्याकडे बघत. घास तोंडात गेला एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं, तो खाली उतरलेला दिसायला हवा. "गालात धरलाय," मला कोपर मारून ते सांगत, "गिळला न्हाई गड्यानं." आईच्या हातची भाकरी खाऊन मुलगा रडतो, सगळं थिएटर डोळे पुसतं, आणि साडू म्हणत, "तवा गार हाय, सर. धूर कुठंय?" एकदा वडील टाकून बोलले म्हणून नायक भरल्या ताटावरून उठला. त्याच्याबरोबर साडूही उठले. "आरं ए, खाली बस! भांडान जेवल्यावर कर!" डोअरकीपर बॅटरी घेऊन धावला, पुढच्या रांगेतल्या माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी मागे वळून पाहिलं, आणि मी असा गोठलो की मध्यंतरात चहाही घशाखाली गेला नाही. शेजारी पत्नी पदरात तोंड खुपसून हसत होती. घरी आल्यावर म्हणाली, "दाजींचं बरोबर आहे. ते ताट मागनं कुणी उचललं, हे कधी दाखवतच नाहीत."

मग त्यांच्या गावाजवळ शूटिंग आलं. लग्नाच्या पंगतीसाठी माणसं हवी होती. साडू नवा सदरा घालून, सकाळपासून उपाशी राहून गेले. संध्याकाळी थेट आमच्या दारात आले ते कुणाला तरी पोचवून आल्यासारखे. "राकेल शिंपडलं, सर," ते म्हणाले. "लापशीवर. बुंदीवर. गर्दीनं खाऊन टाकू न्हाई म्हनून. आन म्हनले, खाल्ल्यागत करा." मीही हादरलो. पत्नी पिठलं टाकता टाकता म्हणाली, "दाजी, खोटंच असतं ते."

"खोटं आसंल. पन पान तर मांडलं हुतं ना?"

त्या संध्याकाळी त्यांनी पाच भाकरी खाल्ल्या. ती वाढत राहिली आणि प्रत्येक घासाला मुद्दाम त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली. तेव्हापासून नायकांवर ओरडणं मात्र बंद झालं. "त्या बिचाऱ्याच्या ताटात काय शिंपडलंय, आपल्याला काय ठावं?"

गेल्या वर्षी पत्नी आजारी पडली. साडू दर आठवड्याला येऊ लागले. टीव्हीवर सिनेमा लावून तिच्या पलंगाशी बसत. मी मऊ भात कालवून भरवी, ती हळूहळू तोंड हलवी, आणि मला बरं वाटे. "आज चांगली जेवली," मी म्हणे. "व्हय," साडू म्हणत आणि टीव्हीकडे बघत. पडद्यावर पंगतीच्या पंगती उठल्या, तरी एक शब्द नाही. वयाबरोबर माणूस शांत झाला, असं मला वाटलं.

ती गेली त्या दिवशी घरात चूल पेटायची नव्हती. कडू घास साडूंकडूनच आला, पिठलं आणि भाकरी. माणसं भोवती बसली. मी तुकडा मोडून तोंडात घातला. "खाल्लं बाई सरांनी," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला. समोर बसलेले साडू थिएटरातल्या त्याच आवाजात म्हणाले, "गिळला न्हाई."

मेव्हणीने त्यांचा हात दाबला. "आवो, आज तरी!"

"आजच बोलनार. सर, तिचंबी दिसत हुतं मला. तुमी भरवायचा, ती गालात धरायची. तुमी वाटी ठिवायला गेला की रुमालात काढायची आन वठावर बोट ठिवून मला गप म्हनायची. रुमाल मीच खिशात घालून न्यायचो. तिच्यासाटी गप बसलो. तुमच्यासाटी न्हाई बसनार."

तो धक्का अजून पुरता ओसरलेला नाही. मी इतकी पुस्तकं वाचली, आणि हातभर अंतरावरचा तिचा गळा मला वाचता आला नाही. मला बरं वाटावं म्हणून ती जेवल्यागत करत होती, आणि ज्या माणसाला थिएटरात गप बसता आलं नाही, तो महिनोन्महिने गप बसला होता. साडूंची नजर माझ्यावरून हलेना. तो कोरडा तुकडा मी कसाबसा खाली उतरवला. "हां," ते म्हणाले, आणि दुसरा मोडून माझ्या हातात दिला.

आता आम्ही दोघेच सिनेमाला जातो. खिडकीवरचा प्रश्न तोच असतो. परवा पडद्यावर मोठी मेजवानी चालली होती, पण साडू पडद्याकडे बघतच नव्हते. मध्यंतरात घेतलेला वडापाव माझ्या हातात तसाच होता. मी एक घास घेतला, पडद्याच्या उजेडात त्यांना नीट दिसेल अशी मान जरा वर केली, आणि गिळला.