इरावतीबाईंचं अर्धं राहिलेलं वाक्य

रायपूरच्या समता कॉलनीत इरावती पिंपळापुरे या बाईंना सगळे ओळखायचे ते त्यांच्या बोलण्यामुळे. शाळेत हिंदी शिकवायच्या, घरात मराठी बोलायच्या आणि भाजीवालीशी छत्तीसगढीत असं भांडायच्या की ती शेवटी हसून कोथिंबिरीची जुडी वर टाकायची. त्यांचे यजमान नरहरराव अगदी उलट. रेल्वेत वॅगन दुरुस्तीच्या कामात जन्म गेलेला, कानाने कमी ऐकणारे, तोंडाने त्याहून कमी बोलणारे. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत घरातलं बोलण्याचं खातं बाईंकडेच होतं, आणि नरहररावांना ते बरंच वाटायचं.

निवृत्तीनंतर बाईंची जीभ जड झाली. आधी वाटलं, दाताचं काही असेल. मग हातातून ताटली सुटली, मग मान एका बाजूला कलायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं की शरीराच्या नसा हळूहळू काम सोडतात असा हा आजार आहे, त्यावर औषध नाही. बुद्धी शाबूत राहते, कान राहतात, डोळे राहतात. बाकी सगळं जातं.

दोन वर्षांत तसंच झालं. समोरच्या खोलीत त्यांचा पलंग टाकला. रमा नावाची बाई दिवसभर त्यांचं करायला यायची. आणि हैदराबादला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, मंजिरीने, एक कॉम्प्युटर आणून पलंगाच्या उशाशी उभा केला. त्याच्या पडद्याखाली कॅमेऱ्याची एक पट्टी होती. बाईंनी पडद्यावरच्या अक्षराकडे जरा वेळ रोखून बघितलं की ते अक्षर उमटायचं. शब्द जोडत वाक्य पुरं झालं की यंत्रातली बाई ते मोठ्याने वाचायची. आवाज पुण्याकडचा, पण शब्द इरावतीबाईंचे, म्हणून ती 'मले' आणि 'तुमाले' म्हणायची. पहिल्या दिवशी ते ऐकून रमासुद्धा हसली होती.

कॉम्प्युटरचं बंद पडणं सुरू झालं ते मे महिन्यात. काही कारण नाही, काही सूचना नाही. पडदा एकदम काळा व्हायचा. बाईंनी अर्धा तास खपून लिहिलेलं सगळं जायचं. पुन्हा बटण दाबलं की कॉम्प्युटर शहाण्यासारखा सुरू व्हायचा. कधी सकाळभर चालायचा, कधी पहिल्याच ओळीत जायचा.

याच दिवसांत बाईंचा श्वास उतरायला लागला. डॉक्टर घरी येऊन गेले. बाहेरच्या व्हरांड्यात ते नरहररावांना म्हणाले, "आता श्वासासाठी मास्क तर लावूच. पण पुढे श्वास अगदीच कमी पडेल, तेव्हा घशाला छेद देऊन नळी बसवावी लागेल, आणि मग कायमचं मशीनवर. काही जण हो म्हणतात, काही नाही. ते तुम्ही ठरवू नका. त्यांना विचारा. आणि लवकर विचारा."

नरहररावांनी आत येऊन विचारलं. बाईंनी डोळे पडद्याकडे वळवले. एक एक अक्षर उमटत गेलं. 'डॉक्टरले सांगा, मले नळी' इथपर्यंत आलं आणि पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी वाक्य वेगळं होतं. 'अहो, तुमी घाबरू नका. मी विचार केला हाये. मले' आणि काळा. हो किंवा नाही हे आपल्या भाषेत शेवटी येतं, आणि शेवटापर्यंत ते यंत्र पोचूच देत नव्हतं.

मंजिरी फोनवर चिडली. "बाबा, इतना क्या मुश्किल है? हाँ या ना में पूछ लो ना. पलकें तो झपका सकती है आई."

नरहररावांनी तेही केलं. पलंगाजवळ वाकून म्हणाले, "इरा, नळी लावायची असंल तं एकदा डोळे मिट. नसंल लावायची तं दोनदा."

बाईंनी डोळे मिटलेच नाहीत. उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं तरी पापणी लववली नाही. जन्मभर पोरांना पूर्ण वाक्यात उत्तर लिहा म्हणून सांगितलेली बाई होती ती. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर तिला पापणीने द्यायचं नव्हतं. नरहररावांना ते समजलं, आणि त्यांनी परत तसं विचारलं नाही.

मग ते त्या कॉम्प्युटरच्या मागे लागले.

आधी वाटलं, वीज. त्या खोलीत कूलर चालायचा, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरची तार दुसऱ्या खोलीतल्या बोर्डातून ओढून आणली. संध्याकाळी परत बंद पडला. मग वाटलं, गरमी. कूलरचं तोंड पलंगावरून काढून कॉम्प्युटरकडे वळवलं, तर बाईंना दाई, म्हणजे आई, म्हणणारी रमा रागावली, "दाई ला पसीना आवत हे बाबूजी, अउ तुमन डब्बा ला हवा देवत हव!" मंजिरीने हैदराबादहून कॉम्प्युटरचा ताबा घेऊन आतलं सगळं पुसून नव्याने भरलं. त्यात बाईंनी महिनोन्महिने जमवून ठेवलेली तयार वाक्यं गेली. 'पाणी द्या.' 'कूस बदला.' 'उशी वर.' 'माझ्यासमोर हळू आवाजात बोलू नका.' एका नजरेत बोलता यायची ती सगळी. आणि एवढं करून दुसऱ्या सकाळी पडदा पुन्हा काळा.

नवा कॉम्प्युटर मागवायचा म्हटलं, तर तो यायलाच आठवड्यावर दिवस लागणार होते. घरातल्या जुन्या लॅपटॉपला ती कॅमेऱ्याची पट्टी झेपेना. बाईंचा श्वास रोज थोडा थोडा कमी होत होता, आणि अजून किती दिवस हातात आहेत हे कोणी सांगत नव्हतं.

शेवटी नरहररावांनी कॉम्प्युटरचा डबा ई-रिक्षात घालून सदर बाजारच्या गर्दीतून दिवाकरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेला. दिवाकर चाळिशीचा, मेहनती माणूस. त्याने टेबलावर डबा आडवा टाकला, झाकण उघडलं, धूळ उडवली, मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या, वीज पुरवणारा भाग बदलला आणि तपासणी लावून दिली. दिवसभर डबा चालला. दुसराही दिवस चालला.

"अंकल, एकदम बढ़िया है. एक बार भी बंद नहीं हुआ," दिवाकर म्हणाला.

ते दोन दिवस घरात बाई मुक्या होत्या. रमा अंदाजाने पाणी पाजायची, अंदाजाने कूस बदलायची. एकदा पाय दुमडून तसाच खाली राहिला आणि बराच वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही. नरहरराव डबा घेऊन परतले तेव्हा बाईंचा चेहरा घामाने भिजला होता. त्यांनी पाय सरळ केला आणि डबा जागेवर उभा करून तारा जोडल्या.

तासाभरात तो बंद पडला.

नरहररावांनी पुन्हा दिवाकरकडे नेला. तिथे पुन्हा नीट चालला. "अंकल, आपके घर में ही कुछ गड़बड़ है," दिवाकर जरा अवघडून म्हणाला. "अर्थिंग दिखवा लो." इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने अर्थिंग बघितलं, ते ठीक होतं. डबा घरी आला, आणि बंद पडला.

त्या दुपारी नरहरराव खुर्चीत बसले ते उठेनातच. बाहेर लूचा गरम वारा चालला होता. रमा जेवायला घरी गेली होती. काळ्या पडद्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता. रेल्वेत असताना मोडक्या वॅगनचा आजार ते हात लावून सांगायचे. आणि बायकोच्या उशाशी ठेवलेला एक डबा त्यांना कळत नव्हता. ते रडायला लागले. आवाज न करता नाही, चांगलं मोठ्याने, कारण आपला आवाज किती मोठा होतो हे त्यांना कळायचं नाही.

"काहून बंद पडते रे हे? काहून?" ते डब्यालाच विचारत होते. मग पलंगाकडे वळून म्हणाले, "मले काही समजून नाही राहिलं, इरा. सगळ्याइले विचारलं मी. दिवाकरले विचारलं, मंजिरीले विचारलं, त्या बिजलीवाल्याले..."

बोलता बोलता ते थांबले. बाई त्यांच्याकडे बघत होत्या, आणि पापण्या भराभर मिटत होत्या. रडण्यासारखं नव्हतं ते. हाक मारल्यासारखं होतं.

हा डबा दिवसभर हिच्या कानाशी असतो, हे नरहररावांच्या डोक्यात तेव्हा आलं. बंद पडतो तेव्हा दर वेळी ही त्याच्यासमोर असते. आणि हिला कोणी विचारलंच नव्हतं.

ते खुर्ची ओढून जवळ बसले. "तुले काही माहीत हाये का? बंद व्हाच्या आधी काही होते?"

पापणी एकदा मिटली. होते.

"काय होते? मी अक्षरं म्हणतो. बरोबर आलं का डोळे मिट."

त्यांनी क पासून सुरुवात केली. हळूहळू म्हणत गेले. 'प'वर पापणी मिटली. मग पुन्हा क, तर 'ख'वर मिटली. पुढे कान्याला मिटली.

"पखा? पंखा?"

मिटली.

नरहरराव उठले आणि त्यांनी छताच्या पंख्याचा वेग वाढवला. "गरम होऊन राहिलं का तुले?"

बाईंनी डोळे घट्ट मिटले आणि उघडलेच नाहीत. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला त्याचा अर्थ कोणी सांगायला नको. काय हा मूर्ख माणूस, असाच तो अर्थ होता. ते परत येऊन बसले. "घरचा पंखा नाही?" डोळे उघडले, दोनदा मिटले. "मंग... याच्यातला? डब्यातला पंखा?"

एकदा. अगदी ठाम.

"त्याचा आवाज येते तुले?" एकदा. "अन् मंग आवाज बंद होते?" एकदा. "अन् त्याच्यानंतर पडदा जाते?"

एकदा मिटून, उघडून, बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

नरहररावांना तो आवाज कधी ऐकूच आला नव्हता. त्यांनी स्क्रू काढून डब्याचं झाकण उघडलं, बटण दाबलं आणि जमिनीवर मांडी घालून बसले. आतला छोटा पंखा जोरात फिरला, मग संथ झाला. ते पापणी न हलवता बघत होते. मान अवघडली, घाम डोळ्यांत गेला, तरी हलले नाहीत. वरून काही तारांची जुडी खाली आली होती. तिला बांधणारी प्लास्टिकची पट्टी उन्हाळ्यात वाळून तुटली असावी. जुडी हळूहळू ओघळत होती. त्यातली एक काळी तार पंख्याच्या पात्याला टेकली. पातं थरथरलं आणि थांबलं. आतली गरमी बाहेर पडेना, आणि काही वेळाने पडदा काळा झाला.

दिवाकर डबा टेबलावर आडवा टाकायचा. आडव्या डब्यात तार बाजूला पडून राहायची, पंख्याला लागायची नाही. घरी तो उभा होता. डबा सुरू होताना पंखा जोरात फिरायचा आणि तारेला बाजूला झटकायचा, वेग कमी झाला की ती पुन्हा खाली यायची. एवढंच होतं सगळं.

नरहररावांनी स्वयंपाकघरातून सुतळी आणली आणि जुडी वर घट्ट बांधली. मग जळेल की काय अशी भीती वाटली म्हणून सुतळी काढून रमाच्या शिवणाच्या डब्यातली कापडी नाडी बांधली. दिवाकरला फोन करून सांगितलं. "हव अंकल," तो कबूल करत म्हणाला, "खड़ा करके तो मैंने देखा ही नहीं." संध्याकाळी दुकान लवकर बंद करून तो आला आणि त्याने व्यवस्थित नवी पट्टी लावून दिली. आतलं सगळं परत एकदा बघून, बाईंना नमस्कार करून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू केल्यावर नरहररावांना उठून निघून जावंसं वाटलं. इतके दिवस ते वाक्य पूर्ण व्हावं म्हणून धडपडत होते. आता ते पूर्ण होणार होतं, आणि त्यांना ते नको होतं. तरी ते बसून राहिले. फोनवर मंजिरी होती. बाई लिहीत होत्या, आणि या वेळी पडदा गेला नाही. यंत्रातल्या बाईने शांतपणे वाचलं:

"अहो, डॉक्टरले सांगा, मले नळी नको. मास्क चालंल. मले घरीच राहू द्या. मंजिरी, हे बाबानं नाही ठरवलं, मी ठरवलं हाये. त्याइच्यावर रागवायचं नाही."

मंजिरी रडत म्हणाली, "आई, एक बार और सोच लो, प्लीज." बाई पुन्हा लिहायला लागल्या. बराच वेळ लागला.

"सोचून झालं, पोट्टे. तू ये. मले तुले पाहाचं हाये."

मंजिरी त्याच आठवड्यात आली. बाई पावसाळा काढून दिवाळीपर्यंत राहिल्या. शेवटी शेवटी डोळेही थकायचे, दिवसाला दोन-चार वाक्यं व्हायची. त्यातली बरीचशी वरण पातळ झालं, पडदे धुवा, यांनी औषध घेतलं का, अशीच होती. मास्क लावलेला असताना, एका पहाटे, मंजिरी आणि नरहरराव दोघेही जवळ असताना त्या गेल्या.

घरात आता फार शांत झालंय. रमा अजून येते, नरहररावांचा स्वयंपाक करते. एकदा तिने विचारलं की शेवटचा निर्णय ऐकला तेव्हा तुम्हाला राग नाही आला का? नरहररावांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाले, "आला न. लय आला. पण तिनं तिचं पूरं सांगितलं. मी पूरं ऐकलं."