शेवटचा दोर

माधवभावजी गेल्याचं पत्र आलं तेव्हा मी गच्चीत सांडगे घालत होते. यांनी खालून हाक मारली, "अगं, जरा खाली ये." आवाज नेहमीचा नव्हता, म्हणून हात न धुताच जिना उतरले. यांच्या हातात जर्मनीचं निळं हवाई पत्र होतं आणि पत्त्यावरचं अक्षर भावजींचं नव्हतं. ते पाहूनच मी पायरीवर बसले. स्टुटगार्टच्या इस्पितळात, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, झोपेतच... वय अवघं अडतीस. सांडगे त्या दिवशी तसेच राहिले, कावळ्यांनी नेले.

भावजी म्हणजे माझे सख्खे दीर नव्हेत. पन्नासचं दशक संपता संपता आम्ही दोघं स्टुटगार्टला गेलो. हे रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते, माधव साताऱ्याचा, यंत्रांचा अभ्यास करणारा, यांच्याच तांत्रिक विद्यापीठात. पहिल्याच भेटीत त्याने "वहिनी, जेवायला काय आहे?" असं विचारलं, आणि मी लगेच "भावजी, हात धुऊन या" म्हणाले. नातं जोडायला एवढं पुरलं. पुढची तीन वर्षं या माणसाने माझ्या हातचं बटाट्याचं कालवण निदान शंभर वेळा खाल्लं असेल आणि प्रत्येक वेळी "मीठ कमी आहे" असं म्हणून दोनदा वाढून घेतलं.

स्टुटगार्ट हे चढउतारांचं गाव. आमच्या घरापर्यंत दगडी पायऱ्यांची एक लांबलचक वाट होती. भावजी दर पंचवीस-तीस पायऱ्यांनी थांबायचे आणि म्हणायचे, "वहिनी, मागे वळून बघा, काय देखावा आहे!" मी बिचारी वळून बघायचे. महिनाभराने माझ्या लक्षात आलं, की धुक्यात काहीच दिसत नसतानाही भावजींना देखावा दिसतो आहे. मी सरळ विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. लहानपणी संधिवाताचा ताप आला होता, त्यात हृदयाची झडप बिघडली. शाळेची सहल अजिंक्यताऱ्यावर निघाली की मास्तर त्यांना पायथ्याशी बसवायचे, सगळ्या वर्गाचे डबे राखायला. "अख्ख्या साताऱ्यात किल्ला न चढलेला मी एकटाच असेन," ते हसत म्हणाले. मग गंभीर झाले. "इथे हे कुणाला ठाऊक नाही. तुम्हीही सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ." मी घेतली शपथ.

आता त्या टेकडीबद्दल. स्टुटगार्टहून आधी आगगाडीने आणि पुढे बसने तासा-दीड तासावर एक खेडं होतं. नाव सांगून उपयोग नाही, तिकीट देणाऱ्या बाईलाही ते दोनदा सांगावं लागायचं. गावामागे एक टेकडी, उन्हाळ्यात मेंढ्या चारायची, हिवाळ्यात स्कीइंगची. पायथ्याशी सफरचंदाची झाडं, वर एक बाक, आणि मध्ये सगळा मिळून आपल्या पर्वतीएवढाही नसेल असा उतार. बर्फाळ डोंगरांची चित्रं आम्ही दुकानांतल्या पोस्टकार्डांवर बघायचो, तिथे जायची आमची ऐपत नव्हती. ओट्टोकाका नावाच्या शेतकऱ्याने मोडक्या ट्रॅक्टरचं इंजिन पायथ्याच्या खोपटात बसवलं होतं. त्यावर एक जाड दोर फिरायचा, खालून वर आणि वरून खाली. पायाला स्कीच्या फळ्या बांधायच्या, दोर दोन्ही हातांनी घट्ट पकडायचा, उजवा पुढे, डावा पाठीमागे, की दोर तुम्हाला ओढत वर नेणार. हातमोज्यांचे पंजे त्या दोराने झिजून जायचे. ओट्टोकाकू त्यांना आतून-बाहेरून चामड्याची ठिगळं लावून द्यायच्या. कोण किती वेळा वर गेलं ते ज्याच्या त्याच्या उजव्या पंजावर दिसायचं.

चढायला तीन मिनिटं, घसरत यायला अर्धं. पण त्या अर्ध्या मिनिटासाठी सगळं गाव जमायचं. पाववाला, शाळेच्या बाई, पाळण्यातलं मूल कडेवर घेतलेली आई. कुणी पडलं की सगळे आधी हसायचे आणि मग उचलायला धावायचे. दुपारी ओट्टोकाकू मसुरीची आमटी नूडल्सवर वाढायच्या, आमच्या ताटांतून सॉसेज न सांगता काढून. आमटीत चिमूटभर हिंग असता तर मी तिथेच कायमची राहिले असते. घरमालकिणीची विजार घालून मी त्या टेकडीवर उतरले, तेव्हा हे दोन रविवार माझ्याकडे नीट बघत नव्हते. तिसऱ्या रविवारी मी यांच्या आधी खाली पोचले, मग बघायला लागले.

आमची पहिली फजिती अजून आठवते. ओट्टोकाकांनी सांगितलं होतं, फळ्यांना खालून मेण चोळा. मेण कुठे मिळतं ते ठाऊक नव्हतं, पण माझ्या बहिणीने पाठवलेली खोबरेल तेलाची बाटली खिडकीत गोठून पांढरी घट्ट झाली होती. आमचे हे म्हणाले, गोठलेलं तेल म्हणजे मेणच. भावजींनी मान डोलावली. होऊ घातलेले दोन डॉक्टर, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवला! पहिली दहा पावलं आम्ही झकास घसरलो, मग फळ्यांना बर्फाचे गोळे चिकटले आणि तिघंही एकामागून एक तोंडावर. उठून बघतो तर ओट्टोकाकांचा कुत्रा भावजींची फळी मन लावून चाटतो आहे. काका इतके हसले की त्यांना इंजिन बंद करावं लागलं. भावजींना मी त्याआधी असं मोठ्याने हसताना ऐकलंच नव्हतं.

त्या टेकडीचे दोन नियम होते. पहिला असा, की ताजा बर्फ पडला की दोर सुरू करण्याआधी सगळ्यांनी मिळून उतार तुडवायचा. एकमेकांशेजारी ओळीत उभं राहून, फळ्या आडव्या धरून, एकेक पाऊल वर सरकत जायचं. ज्याने तुडवलं नाही, त्याने दोराला हात लावायचा नाही, मग तो कुणीही असो. दुसरा नियम, शेवटचा दोर इंजिनवाल्याचा. दिवसभर खोपटात बसून जो दुसऱ्यांना वर चढवतो, त्याने सगळे पांगल्यावर एकदा वर जायचं आणि रिकाम्या उतारावरून एकट्याने खाली यायचं. ओट्टोकाकांचं ते रोजचं सुख होतं. तेवढ्यापुरता इंजिनाचा दांडा दुसरं कुणी धरायचं.

भावजी तुडवायचे. दर रविवारी, ओळीत, माझ्या शेजारी. मी त्यांच्याकडे बघितलं की ते तोंड फिरवायचे. दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी गुडघाभर बर्फ पडला होता. अर्ध्या चढावर भावजी खाली बसले. ओठ निळे, कपाळावर घाम. "काही नाही, वहिनी. पट्टा सुटलाय," म्हणाले. पट्टा सुटला नव्हता. ते उठले आणि पुन्हा ओळीत उभे राहिले.

संध्याकाळी बसची वाट बघताना मी ओट्टोकाकांना गाठलं. माझी जर्मन भाजीबाजारापुरती. छातीवर हात ठेवला, भावजींकडे बोट केलं आणि म्हणाले, "हेर्त्स... कापुट," म्हणजे हृदय नादुरुस्त. काकांनी टोपी काढली, परत घातली. "या," एवढंच म्हणाले. जर्मनमध्ये त्याचा अर्थ, बरं.

पुढच्या रविवारी ओळ उभी राहत होती, तेवढ्यात काकांनी खोपटातून हाक मारली. "बरं का, डॉक्टर! इंजिन कुरकुरतंय. माझी आता नजर पोचत नाही. तुम्ही यंत्राचे जाणकार, तुम्हीच बसा इथे." भावजी खोपटात गेले. त्या दिवसापासून इंजिन त्यांचं झालं. सगळ्या गावाला ते साहजिक वाटलं. फसले नाहीत ते एकटे भावजी.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. हे पुढे पेंगत होते. "वहिनी, तुम्ही सांगितलंत."

"सांगितलं," मी म्हणाले. "तुम्ही डोळ्यांदेखत मेलात तर तुमच्या आईला काय तोंड दाखवू?"

"या एका टेकडीवर मी आजारी नव्हतो," ते म्हणाले. "आता परत पायथ्याशी बसलो, डबे राखायला."

 

तीन आठवडे ते जेवायला आले नाहीत. चौथ्या आठवड्यात आले, "मीठ कमी आहे" म्हणाले, आणि मी भांडी घासताना रडून घेतलं. त्यानंतर तो विषय आम्ही काढला नाही. पण मी बघत होते. तो उरलेला हिवाळा आणि पुढचा अख्खा हिवाळा भावजी खोपटात बसले, तेल घातलं, दांडा ओढला, पडलेल्या पोरांसाठी दोर थांबवला. दिवस संपला की ओट्टोकाका म्हणायचे, "डॉक्टर, शेवटचा दोर तुमचा." आणि भावजी मान हलवायचे. "तुम्हीच जा, काका." काका एकटे वर जायचे. मी खाली उभी असायचे. भावजी माझ्याकडे बघायचे नाहीत.

आम्ही पुण्याला परतलो. भावजी तिथेच राहिले, नोकरी लागली होती. दर हिवाळ्यात पत्र यायचं. बर्फ बरा पडला, नवा दोर आणला, इंजिन ठीक आहे, काकू तुमची आठवण काढतात. स्वतःबद्दल एक ओळ नाही. प्रत्येक पत्र वाचताना मला ते खोपटं दिसायचं, आणि त्यात माझ्यामुळे बसलेला माणूस. लोक म्हणतील, वहिनीने योग्य तेच केलं. हेही तेच म्हणतात. पण शपथ मी मोडली होती, यांनी नव्हे.

गेल्या आठवड्यात स्टुटगार्टहून परतलेला एक विद्यार्थी घरी आला. ओट्टोकाकूंनी त्याच्याबरोबर एक पुडकं पाठवलं होतं. मोठं सामान साताऱ्याला गेलं, हे तुमच्यासाठी, अशी चिठ्ठी वर. आत हातमोज्यांची जोडी, आमच्या वेळची नव्हे, नंतर घेतलेली. कुणाची ते मी वासावरूनच ओळखलं, इंजिनच्या तेलाचा वास. म्हटलं, खोपटातले मोजे. बाजूला ठेवणार होते, तेवढ्यात उजवा मोजा उलटा झाला.

पंजाला चामड्याचं ठिगळ होतं. त्या ठिगळावर दुसरं. आणि तेही झिजून पातळ झालेलं.

दांडा ओढून मोजा असा झिजत नाही. मी यांना बाकीची जर्मन चिठ्ठी मोठ्याने वाचायला सांगितली. काकूंनी लिहिलं होतं: तुम्ही गेल्यावर पुढच्याच हिवाळ्यात तुमचा डॉक्टर आमच्या ओट्टोला म्हणाला, आजचा शेवटचा दोर मी घेतो. ओट्टोने विचारलं, आजच का? तर म्हणाला, आता खाली उभं राहून घाबरणारं कुणी नाही. ओट्टोने इंजिन अगदी हळू चालवलं. तेव्हापासून दर रविवारी एकदा, फक्त एकदाच. इस्पितळात जाण्याच्या आधीच्या रविवारीसुद्धा. इस्पितळाच्या डॉक्टरांची परवानगी आहे असं तो सांगायचा.

परवानगी! माझा संताप संताप झाला. या माणसाने पाच वर्षं मला "इंजिन ठीक आहे" लिहिलं. समोर असते तर कान धरला असता, आणि ओट्टोकाकांचाही. मग हे चष्मा काढून पुसायला लागले आणि मला एकदम हसू आलं, आणि त्या हसण्याचंच रडू झालं. त्या रविवारांनी त्यांचं आयुष्य कमी केलं असेल का? असेलही. मला ठाऊक नाही, आणि आता कुणाला विचारायचंही नाही.

मोजा सध्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याशेजारी असतो. मोलकरणीने दोनदा विचारलं, हे काय. काल दुपारी घरात कुणी नसताना मी त्यात हात घातला. मोठा होतो मला. आत बोटं चाचपडत ठिगळापर्यंत नेली. झीज पंजाच्या मध्यावर नाही, बोटांच्या मुळाशी आहे, चारही बोटांच्या. दोर नुसता धरला तर मोजा तिथे झिजत नाही, गच्च आवळला तरच झिजतो. मी मूठ वळून पाहिली... माझी बोटं बरोबर तिथेच आली.