कॉफीची पैज

भिजवलेल्या पोह्यांवर वेलदोड्याची पूड पडली, की तो वास मला थेट आयर्लंडमधल्या गॉलवेच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये नेऊन बसवतो. बाहेर आडवा पाऊस, टीव्हीवर इस्रायलच्या बातम्या, समोर पुण्याचाच एक डॉक्टर मित्र. इथे कुणाला मराठी कळतंय, म्हणून मी मोठ्याने ठोकून दिलं, ‘चारी बाजूंनी वैरी, आत भांडणं. हा देश काही शंभरी गाठत नाही. लाव कॉफीची पैज!’ तशी शेजारच्या टेबलावर पाठमोऱ्या बसलेल्या, लोकरी टोपीतल्या आजी वळल्या. ‘बेने इस्रायल आहे मी, अलिबागची मराठी ज्यू,’ त्या म्हणाल्या. ‘इथे लेकीकडे आलेय. नातू तिकडे इस्रायलच्या सैन्यात आहे.’ आवाजात राग नव्हता. त्यांनी हातातला डबा पुढे सरकवला. ‘त्याच्यासाठी मलिदा केलाय, सुखरूप येऊ दे म्हणून. तुम्ही पण घ्या, बाळांनो.’ गोड पोहे, ओलं खोबरं, वेलदोडा. मी मान खाली घालून खाल्ला आणि ‘ग्रँड, थँक्स’ एवढंच इथल्या लोकांसारखं इंग्रजीत पुटपुटलो. मघाची फाडफाड मराठी कुठे गेली कोण जाणे. हल्ली बाहेर मराठीत बोलण्याआधी मी मागे वळून बघतो. लाज वाटते ती त्याचीच, कारण बघतो ते कुणी ऐकेल म्हणून, कुणाला लागेल म्हणून नव्हे. जीभ अजून तीच आहे.